रिकाम्या डब्याचं वजन

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि आतल्या चांदीच्या कानातल्यांच्या चाळीस जोड्या गेल्या होत्या. मागे राहिली होती ती त्यांची कार्डं. कानातली अडकवायला दोन बारीक भोकं पाडलेली, कोपरे गोल कापलेली चाळीस पांढरी कार्डं, एकावर एक नीट रचून फितीने बांधलेली.

"वा!" आत्या दारातूनच म्हणाली. "चोर चांगल्या वळणाचा दिसतोय. जाताना केर काढून गेला नाही एवढंच."

कुणी हसलं नाही. सकाळचे दहा वाजले होते. आत्याला बोलावलं होतं भाचीच्या सासूबाईंनी, तेही "तुमच्या खात्यात चोर पकडायचे ना?" असं फोनवर विचारून. आत्याचं खातं होतं वजनमापांचं. एकतीस वर्षं तिने दुकानोदुकानी फिरून तराजू तपासले होते आणि खोटी वजनं जप्त केली होती. चोर पकडणारं खातं निराळं असतं हे विहीणबाईंना समजावण्यात तिला अर्थ वाटला नाही, आणि तिच्या मते फरकही फारसा नव्हता. दुकानदार पाठीमागे तिला 'काटाबाई' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

एकतीस वर्षांत तिला पुऱ्या वजनाचा माणूस भेटला नव्हता. एक सोडून. ती एक म्हणजे ही भाची, आणि तीच आता डोळे सुजवून स्टुलावर बसली होती.

"आत्या, तुला कुणी बोलावलं?" भाचीने विचारलं.

"या, बसा, पाणी घ्या, असं म्हणतात आधी."

"तसं नाही गं. उगाच तुला त्रास."

"पोलिसांना कळवलंस?"

"नको, नको! बाहेर कळलं तर नाव जाईल. चार वाजता त्या खरेदीवाल्या बाई येणार आहेत."

चार वाजताची गोष्ट आत्याला ठाऊक होती. एका मोठ्या दुकानाच्या बाई माल बघायला येणार होत्या. पसंत पडला तर दर महिन्याला चाळीस जोड्या, वर्षभर. भाचीने नोकरी सोडून हा छंदाचा उद्योग मांडल्याला दीड वर्ष झालं होतं. घरच्यांनी 'उदार मनाने' दोन वर्षांची मुदत दिली होती. आज काही जमलं नाही, तर सहा महिन्यांनी ही खोली रिकामी आणि भाची परत जुन्या ऑफिसात.

आत्याने खोलीवर नजर फिरवली. खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर पकडी आणि छोटी हातोडी. चांदीच्या तारेची दोन रिळं अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणातच. शेजारी 'मोड' असं लिहिलेली काचेची बरणी चांदीच्या तुकड्यांनी अर्धी भरलेली. किती ही नासाडी, आत्याच्या मनात आलं. पण बरणीवरची चिठ्ठी पाहून तिला जरा बरं वाटलं. 'रिकामी १४०'. प्रत्येक डब्यावर, बरणीवर, पेटीवर तशी चिठ्ठी होती. रिकाम्या डब्याचं वजन आधी डब्यावर लिहायचं, म्हणजे आत काय आहे ते कधीही तोलून कळतं, ही सवय आत्यानेच तिला सुट्ट्यांत लावली होती.

तिने कार्डांची फीत सोडली. कार्डं एकपासून चाळीसपर्यंत क्रमाने लावलेली. प्रत्येकावर छापलेलं 'हाताने घडवलेली जोडी', खाली शाईने क्रमांक, वजन आणि भाचीची सही. पहिल्यावर ४.२० ग्रॅम. सगळ्यात खालच्यावर ४.२० ग्रॅम.

"वजन लिहायची सवय सुटली नाही, हे एक चांगलं," आत्या म्हणाली आणि कार्डं पर्समध्ये टाकली.

भाची हात चोळत होती. लांब, गुळगुळीत, शेंदरी रंगाची नखं. पूर्वी हिच्या बोटांना कायम औषधाच्या पट्ट्या असायच्या. व्यवसाय म्हटला की नखं रंगवावी लागत असतील, आत्याने मनातल्या मनात नाक मुरडलं.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे." भाचीने मान खाली घातली. "दुसरी सासूबाईंच्या जुडग्यात."

२

विहीणबाई स्वयंपाकघरात जुडगा कमरेला लावून उभ्या होत्या. त्या जुडग्यात घरातली प्रत्येक किल्ली होती, आणि ज्यांची कुलपं कधीच मोडीत गेली अशाही सात-आठ होत्या.

"मी कशाला घेऊ बाई ते?" त्यांनी न विचारताच सुरुवात केली. "मला एक जोडी द्यायची म्हणत होती, ती तर दिली नाही अजून. म्हणे, ऑर्डरच्या आहेत. घरातल्या माणसाला ऑर्डर लागते का हो?"

"रात्री काही आवाज?"

"रात्री कसला? मी गोळी घेऊन झोपते. दिवसा विचारा. दिवसभर त्या हातोडीची ठकठक ठकठक, डोकं उठायचं माझं. हल्ली मात्र देवासारखी वागते पोरगी. तीन-चार आठवडे झाले, दुपारची झोप कशी छान लागते."

झोपेसारखी महत्त्वाची बाब चौकशीत आल्यामुळे विहीणबाई खुलल्या आणि आपल्याला कोणत्या कुशीवर झोप लागते ते सांगू लागल्या. आत्याने तिथून पाय काढला.

जावई बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसला होता. उंच, गोरापान, आणि आत्याच्या मते आतून पोकळ. त्याच्या शेजारी खुर्चीवर मोजपट्टी होती.

"काय मोजताय जावईबापू?"

त्याने पट्टीवर वही ठेवली. "काही नाही, आत्या. सहज."

आत्याने वही उचलली. त्या छोट्या खोलीचा नकाशा होता आणि टेबलाच्या जागी 'पळायचं मशीन' असं लिहिलं होतं.

"बायकोचं सामान चोरीला गेल्याचं कळून तास झाला नाही, आणि तुम्ही तिथे पळायला लागलातसुद्धा?"

तो लाल झाला. "नकाशा जुना आहे. हे बघा, खरं सांगतो. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. दीड वर्ष ती घरात असून नसल्यासारखी आहे. परवा तिच्या जुन्या साहेबांना मी म्हणालोसुद्धा, येईल ती परत."

"काल रात्री कुठे होतात?"

"इथेच. मॅच बघत. साडेअकराला झोपलो. ती त्या खोलीत काम करत होती."

"तुम्ही आत गेला होतात?"

"छे. दार लावलेलं होतं. पण दिवा चालू होता बराच वेळ."

ज्या माणसाला बायकोचं टेबल काढायचं आहे आणि तोंडाने ते सांगायचा दम नाही, त्याच्याविषयी आत्याचं जे मत व्हायचं ते झालं. तिने मोजपट्टी उचलली आणि डोळ्यांशी धरली.

"दोन मिलिमीटर जास्त दाखवते ही पट्टी," ती म्हणाली. "मशीन बसणार नाही तुमचं."

तेवढ्यात दाराची बेल वाजली, आणि बाहेरून कुणीतरी मोठ्याने रडल्याचा आवाज आला.

३

रडणारी होती भाचीची मैत्रीण, धंद्यातली भागीदार. मालाचे फोटो काढायचे, ते इंटरनेटवर टाकायचे, लोकांचे मेसेज बघायचे, हे तिचं काम. आत्याने तिला पहिल्या भेटीतच 'फोटोवाली' असं नाव ठेवलं होतं. ती रडली ती दारात, आरशासमोर डोळे पुसले आणि लगेच फोन काढून रिकाम्या कपाटाचा फोटो घेतला.

"हे कशाला?" आत्याने विचारलं.

"आत्या, लोकांना खऱ्या गोष्टी आवडतात. ब्रँडची जर्नी असते ना."

"तुझी जर्नी सांग आधी. काल इथे कधी होतीस?"

"सहा ते आठ. आम्ही दोघींनी सगळ्या जोड्या कार्डांना लावलेल्या बघितल्या, मोजल्या, कपाटात ठेवल्या. कुलूप तिने लावलं."

"म्हणजे आठला माल जागेवर होता. फोटो काढलेस?"

"हो तर." तिने फोन पुढे केला. खरोखरच छान जोडी होती. तारेचं एकेक पान, मधल्या शिरेसकट, टोकाशी किंचित वळलेलं.

"बाकीच्या एकोणचाळीस कुठे आहेत?"

"एकच काढला. सगळ्या सारख्याच तर आहेत! मी तिला म्हटलंसुद्धा, काय हात बसलाय गं तुझा."

"चाळीस जोड्यांना एक फोटो. कष्टाळू आहेस."

फोटोवालीला टोमणा कळला नाही. तिला टोमणे कळत नसत, हा तिचा एक मोठा फायदा होता.

"काल तू निघालीस तेव्हा ही कशी होती?"

"मस्त. म्हणजे आधी मस्त होती. मग मेसेज आला."

"कुणाचा?"

"त्या खरेदीवाल्या बाईंचा. मी मोठ्याने वाचून दाखवला. हा बघा."

मेसेज आठला पाच मिनिटं कमी असताना आलेला होता. 'उद्या भिंग घेऊन येते. प्रत्येक जोडी बघेन. एक जोडी माझ्यासमोर करून दाखवावी, ही विनंती.'

"मग?"

"मग काही नाही. ती म्हणाली, डोकं दुखतंय, तू जा. मी गेले."

आत्याने त्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग तिने फोन परत केला, पर्समधली कार्डं काढली आणि कधी नव्हे ते तिच्या चेहऱ्यावरचा तुच्छतेचा भाव पार उतरला. तिने पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, आणि चाळिसाव्यापर्यंत न थांबता वाचत गेली.

"आत्या, काय झालं?" फोटोवालीने विचारलं.

"विहीणबाईंकडून स्वयंपाकघरातला काटा आण," आत्या म्हणाली. "आणि मला एकटीला सोड."

४

कामाच्या खोलीत आता कुणी नव्हतं. भाची आत पडून होती. आत्याने दार लावून घेतलं.

आधी तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागदाची एक पुडी काढली. पुडीत चांदीच्या तारेची एक जुनी, काळवंडलेली जोडी होती आणि तिच्यासोबत आत्याच्याच अक्षरातली चिठ्ठी. डावं २.३१, उजवं २.१०. खाली आणखी एक शब्द होता, तो तिने वाचला नाही. ती जोडी तिने एका कार्डाला लावली, मागून रबराची बारीक बुचं बसवली, घड्याळ लावलं आणि परत काढली. बुचं बोटांतून सटकत होती. एका जोडीला जवळपास मिनिट लागलं.

म्हणजे चाळीस जोड्यांना चाळीस मिनिटं. कुठला चोर कुलूपबंद कपाटासमोर चाळीस मिनिटं बसून ऐंशी बुचं काढतो? चोर कार्डांसकट माल उचलतो आणि बाहेर जाऊन कार्डं गटारात टाकतो. इथे कार्डं क्रमाने लावून त्यांना फीत बांधली होती. ज्याने घेतलं, त्याला माल नकोसा होता आणि कार्डं हवी होती.

आणि माल घराबाहेर गेला कुठे होता? रात्री दार उघडल्याचं कुणी म्हणालं नव्हतं.

आत्या डबे तोलायला बसली. हे काम तिने हजारो वेळा केलं होतं. मण्यांची पेटी बरोबर होती. तांब्याच्या तारेचा डबा बरोबर होता. मग तिने टेबलाखालचा छोटा ड्रम ओढला. दागिन्यांना चकाकी यावी म्हणून त्यात पोलादाच्या बारीक गोळ्यांबरोबर घालून ते फिरवतात. ड्रमच्या बुडाशी भाचीच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती. 'ड्रम रिकामा ६१२. गोळ्या ५००.'

म्हणजे अकराशे बारा. आत्याने ड्रम काट्यावर ठेवला.

बाराशे ऐंशी.

तिने तो उचलला, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवला. बाराशे ऐंशी. एकशे अडुसष्ट ग्रॅम जास्त.

तिने झाकण उघडलं नाही. चाळीस कार्डांवरच्या वजनांची बेरीज तिने मघाशीच मनात केली होती. उघडून बघायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला धीरही होत नव्हता.

हे सगळं आपल्यापाशी ठेवून घरी जाता आलं असतं. चोर सापडला नाही, चार वाजता बाईंनी हळहळ व्यक्त केली, विषय संपला. पण एकतीस वर्षांत तिने कुणाचं एका ग्रॅमचं खोटं सोडलं नव्हतं. सख्ख्या मावसभावाचं दुकानसुद्धा तिने सील केलं होतं आणि त्याचा तिला अजून अभिमान होता.

जेवणाच्या हाकांना ओ न देता ती तिथेच बसून राहिली आणि पावणेचारला तिने दार उघडलं.

"सगळे आत या," ती म्हणाली. "चोर या खोलीत आहे."

५

छोट्या खोलीत पाच माणसं मावेनात. जावई दाराला टेकून उभा राहिला, विहीणबाईंनी एकुलती एक खुर्ची घेतली, फोटोवालीने फोन वर धरला.

"तो फोन खाली," आत्या म्हणाली. "जर्नी संपली. आता ऐका. जावईबापूंना ही खोली हवी आहे. पण चोरीला चाळीस मिनिटं लागली, आणि ऐंशी बुचं काढायला बोटांत जोर आणि मनात धीर लागतो. यांच्याकडे दोन्ही नाही. यांनी कार्डांसकट सगळं उचलून नेलं असतं आणि मग दोन दिवस घाबरून आजारी पडले असते."

जावई दाराची कडी चाळवू लागला.

"विहीणबाईंकडे किल्ली आहे. पण त्यांनीच मला बोलावलं. ज्या चोर असतात त्या चौकशीला कुणाला बोलवत नाहीत, आणि घेतलंच असतं तर एक जोडी कानात घालून शेजारी दाखवायला गेल्या असत्या. आणि ही फोटोवाली. हिच्याकडे किल्ली नाही, आणि चाळीस जोड्यांना जी एक फोटो काढते ती ऐंशी बुचं कशाला काढेल?"

"मग कोण?" विहीणबाई म्हणाल्या.

आत्याने कार्डं पत्त्यांसारखी टेबलावर पसरली.

"वाचा. जोडी एक, चार पूर्णांक वीस. जोडी दोन, चार पूर्णांक वीस. अडतीस कार्डांवर चार वीस आणि दोन कार्डांवर चार एकवीस. माणसाच्या हाताने वाकवलेली तार दोनदा एकच वजन देत नाही. ठोका कमीजास्त पडतो, टोक कुठे जास्त कापलं जातं. मी लाखभर वस्तू तोलल्यात. सारखी वजनं एकाच ठिकाणी येतात, मशीनवर. तीन आठवडे इथे हातोडीचा आवाज नाही. विहीणबाईंची झोप त्याची साक्षीदार. तारेची रिळं प्लॅस्टिकमध्ये आहेत. बोटांना पट्ट्या नाहीत, नखं वाढलीत. आणि काल आठ वाजता मेसेज येतो की उद्या भिंगाखाली बघणार."

भाची उभी होती. तिने आपली नखं मुठीत लपवली.

"कार्डं टाकवली नाहीत, कारण ती स्वतः लिहिलेली होती. वजनं खरी लिहिलीत, कारण वजन खोटं लिहायचं नाही असं लहानपणी कुणीतरी शिकवलेलं होतं. आणि ड्रमवरची चिठ्ठी काढायचं सुचलं नाही, कारण ती आपल्याला इतकी अंगवळणी पडलीय की दिसतच नाही."

तिने ड्रमचं झाकण फिरवलं आणि टेबलावर उपडा केला. गोळ्या खडखडत सांडल्या आणि त्यांच्यातून पानं बाहेर आली. ऐंशी पानं, शिरेसकट, टोकाशी किंचित वळलेली, सगळी अगदी एकासारखी एक.

"देवा!" विहीणबाई म्हणाल्या. जावयाच्या तोंडावर सुटका झाल्याचा भाव येऊन गेला, आणि आत्याला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

"माझी एक जोडी नमुना म्हणून देऊन मशीनवर करून आणल्या," भाची हळू म्हणाली. "चोरी झाली म्हटल्यावर महिन्याची मुदत मिळाली असती. त्यात जमतील तेवढ्या हाताने केल्या असत्या."

"लोकांना फसवलंस! आणि मला! अगं, अख्ख्या जगात एक तूच..." आत्याचा आवाज फाटला. "हात आहेत ना तुला? का नाही केल्यास आधीच?"

"केल्या होत्या."

भाचीने 'मोड' लिहिलेली बरणी उचलली आणि आत्याच्या हातात दिली. आत्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. तुकडे नव्हते ते. पानं होती. अर्धी पानं, देठ, शिरा, पकडीने कातरलेल्या.

"अकरा जोड्या केल्या. एक चार बाराची, एक चार पंचावन्नची. एकीचेही दोन कान सारखे नाहीत. प्रत्येक जोडी तोलली आणि प्रत्येक वेळी तू ऐकू आलीस."

"मी?"

"एकोणीस वर्षांची होते मी. पहिली जोडी केली आणि तुलाच आणून दिली. तू काटा काढलास. सगळे बसले होते, बाबा, काका, सगळे. दोन्ही तोललीस, चिठ्ठीवर वजनं लिहिलीस, खाली 'अमान्य' लिहिलंस आणि मोठ्याने वाचून दाखवलंस. किती हसले सगळे. तूही हसलीस. म्हणालीस, विकायला काढू नकोस हो, दंड करावा लागेल." भाची रडत नव्हती. "म्हणून मला सारख्या हव्या होत्या, आत्या. तुझ्या काट्याला उतरतील अशा."

आत्याने एकतीस वर्षांत पुष्कळांना खजील केलं होतं, पण समोरच्याला कसं वाटतं हे तिला आज कळलं. सगळे तिच्याकडे बघत होते. विहीणबाईसुद्धा, आणि त्या नजरेत जी तुच्छता होती ती आत्याला चांगलीच ओळखीची होती.

बेल वाजली. चार वाजले होते.

६

खरेदीवाल्या बाई बारीक, करड्या केसांच्या, आणि घाईत होत्या. त्यांनी पाणी नाकारलं, खुर्ची नाकारली आणि पर्समधून भिंग काढलं.

आत्या मध्ये बोलणार होती. काय, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण भाचीनेच पानांचा ढीग पुढे सरकवला.

"बघू नका," ती म्हणाली. "या मशीनवरच्या आहेत. कार्डांवर हाताच्या असं लिहिलंय, ते खोटं आहे."

बाईंनी तरीही एक पान उचललं, भिंगाखाली धरलं आणि झुरळ टाकावं तसं परत टाकलं.

"आमच्या दारावर 'हातचं काम' अशी पाटी आहे," त्या म्हणाल्या. "हे असलं मी घाऊक बाजारात किलोने घेते. तुम्ही माझी दुपार वाया घालवलीत." भिंग पर्समध्ये गेलं. "खरं सांगितलंत म्हणून चार गोष्टी कमी बोलते. येते मी."

जावई दार उघडायला पुढे झाला. जरा जास्तच लगबगीने झाला.

"थांबा," आत्या म्हणाली.

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. कित्येक वर्षांत तिने कानात काही घातलं नव्हतं आणि भोकं बुजत आली होती. डाव्या कानात पुडीतल्या जुन्या जोडीची तार जाईना. तिने दात चावून ती दाबली, कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब आला. मग उजव्या कानात. मग ती वळली.

बाई दारातून परत आल्या. आत्याच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या की त्यांच्या पावडरीचा वास आला. भिंग पुन्हा बाहेर निघालं.

"ही कुणी केली?"

"हिने. पहिली आहे." आत्याला तिथेच थांबता आलं असतं, पण एकतीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. "सांगितलेलं बरं. दोन्ही सारखी नाहीत. एकवीस शतांश ग्रॅमचा फरक आहे."

"दिसतोय मला," बाई म्हणाल्या. "डाव्या पानावर हात जरा रेंगाळलाय. किती वर्षं झाली?"

"चौदा," भाची म्हणाली.

"अशा किती आहेत?"

भाचीने बरणीकडे पाहिलं. "आता ही एकच."

"महिन्याला किती होतील? खरा आकडा सांगा. चाळीस सांगाल तर मी निघाले."

भाचीने आपली शेंदरी नखं पाहिली. "बारा. फार तर तेरा."

"मग चाळीसची ऑर्डर विसरा. बारा आणा, महिन्याने. प्रत्येक बघणार. पसंत नाही पडल्या तर परत करणार, आणि मग मला फोन करायचा नाही." त्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. "ही विकायची आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली.

बाई गेल्या. फोटोवालीने पहिल्यांदाच शहाणपणाने फोन पर्समध्ये टाकला. भाचीने ड्रॉवरमधून नेलकटर काढलं आणि टेबलाशी बसून एकेक नख कापू लागली. जावई मोजपट्टी शोधायला बाहेर गेला. ती आत्याच्या पर्समध्ये होती.

आत्याने निघताना चिठ्ठी काढली. पेनने 'अमान्य' खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना, म्हणून वजनं तेवढी ठेवून चिठ्ठी भाचीच्या कोपराशी ठेवली.

"आत्या, कानातून रक्त येतंय तुझ्या," भाची वर न बघता म्हणाली. "काढून ठेव."

"असू दे."

लिफ्टमध्ये आरसा होता. आत्याने मान इकडे तिकडे वळवून पाहिली. डावं पान जरा खाली लोंबत होतं. एकवीस शतांश ग्रॅमचा फरक माणसाच्या कानाला कळत नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नसेल. तरी डावा कान जड लागत होता. घरी पोचेपर्यंत लागत राहिला.